फोटो जागेवर राहिला पाहिजे

१८ डिसेंबर, गुरुवार

स्पीच थेरपीच्या शेखावत मॅडमनी बजावलं, "आंटीजी, रोज लिखिए. भीमरावजी क्या बोले, क्या इशारा किया, सब." शाळेतून मिळालेली कोरी डायरी कपाटात पडून होती, ती काढली.

आज काय बोलले: बरं.

झालं, संपलं. उद्याचंही आजच लिहून ठेवते: बरं. ऑक्टोबरात झटका आला तेव्हापासून यांचा उजवा हात लुळा आणि तोंडात हा एकच शब्द. चहा घेता? बरं. चहा नको ना? बरं. मॅडम म्हणतात समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. तीस वर्षं मालगाडीवर गार्ड, बोलणं आधीच मोजून-मापून. पण माझ्याशी भांडण्यापुरतं होतं. आता या घरात मी एकटीच भांडते आणि एकटीच जिंकते. काही मजा नाही त्यात.

२१ डिसेंबर, रविवार

संकल्पनं पुण्याहून यांच्यासाठी टॅब पाठवला. त्यात त्यानं स्वतः बनवलेलं एक पान आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला होता तेव्हा आमच्या बैठकीचा एक मोठा फोटो काढला होता त्यानं. माठ, खुर्ची, पलंग, पंखा, टीव्ही, खिडकी, दार, भिंतीवरची बुद्धांची तसबीर, सगळं त्यात आहे. अशा तेवीस वस्तूंभोवती न दिसणारे चौकोन आखलेत. माठावर बोट ठेवलं की मोठ्या अक्षरात 'पाणी' येतं आणि माझा आवाज म्हणतो, पाणी. आवाज मी फोनवर भरून पाठवले होते, तेव्हा कशाला ते विचारलंही नव्हतं.

पोरगा इथं जयपूरला जवाहर नगरात वाढला, मराठी बोलताना दर चौथ्या शब्दाला हिंदीत घसरतो. पण बापासाठी तेवीस शब्द मराठीत लिहिले, एकही चूक नाही. मला भरून आलं. त्याला सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

२२ डिसेंबर, सोमवार

कौतुक गुंडाळून ठेवते.

यांनी डाव्या हातानं माठावर बोट ठेवलं. फोटो गेला आणि नवं पान उघडलं: पाणी. मी पाणी दिलं, प्यायले. मग आणखी काहीतरी हवं होतं, पण फोटो कुठाय? तो मागच्या पानावर राहिला, हे आपल्याला कळतं. यांना वाटलं आपल्या हातून मोडलं. त्या 'पाणी' शब्दावरच टकटक करत बसले. मी फोटो परत आणून दिला. पुन्हा बोट, पुन्हा नवं पान, पुन्हा फोटो गायब. जेवणापर्यंत एकतीस पानं उघडली होती. मग यांनी टॅब मांडीवर पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड केलं.

संकल्पला फोन लावला. "अरे, प्रत्येक वस्तू नव्या पानात काहून उघडते?"

"आई, आमच्या कंपनीत तसंच करतो. मतलब, सवयच आहे. लिंक नेहमी नव्या पानात उघडायची, म्हणजे यूजर आपली साइट सोडून जात नाही."

"तुझा बाप कुठं जाणार आहे रे साइट सोडून?"

 मला माझी जीभ चावावीशी वाटली. मग म्हणाला, "वीकेंडला बदलून देतो." मी म्हटलं काही नको, फाइल पाठव. माझ्यासाठी काही अवघड नाही ते.

२४ डिसेंबर, बुधवार

मोठ्या तोंडानं बोलून बसले, आता निभवायचं.

पण मी काही अगदीच अडाणी नाही. संकल्प व्हायच्या आधी भुसावळला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी वेबपेजं शिकवायचे. तेव्हा एका पानाचे दोन-तीन कप्पे करायची फॅशन होती. डाव्या कप्प्यातल्या यादीवर टिचकी मारली की मजकूर उजव्या कप्प्यात उघडायचा, यादी जागची हलायची नाही. दुव्याला सांगावं लागायचं, बाबा रे, तू अमुक कप्प्यात उघड. सांगितलं नाही तर तो बसल्या जागीच उघडतो आणि यादीच गिळून टाकतो. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलंय! आता शाळेत सहावीच्या पोरांना चित्रं रंगवायला शिकवते, आणि सध्या तर लांब रजेवरच आहे.

तर ठरलं. वर फोटो, तो हलणार नाही. खाली एक पट्टी. जे काही उघडायचं ते पट्टीत.

पानाच्या डोक्यावर एकच ओळ लिहायची सोय असते: या पानातले सगळे दुवे त्या पट्टीत उघडा. लिहिली. माठावर बोट ठेवलं. नवं पान!! तीनदा तपासलं. ओळ बरोबर, पट्टी बरोबर, तरी कार्टा नव्या पानात. तेवढ्यात फोडणी जळाली. यांनी वरणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जळकं वरण मुकाट खाल्लं.

२५ डिसेंबर, गुरुवार

सापडलं! घरातल्या मोठ्यानं एक सांगितलं तरी ज्याच्या-त्याच्या खिशात संकल्पनं वेगळी चिठ्ठी ठेवलेली: तू नव्या पानात उघड. तेवीसच्या तेवीस चौकोनांना. आणि खिशातली चिठ्ठी असेल तर डोक्यावरची ओळ कोणी ऐकत नाही, असाच नियम आहे. एकेक करून तेवीस चिठ्ठ्या पुसल्या. बसून बसून मानेचा काटा ढिला झाला.

सकाळी अकराला यांच्यापुढे टॅब धरला. हात लावेनात. मी स्वतः माठावर बोट ठेवलं. फोटो जागेवर. खाली पट्टीत 'पाणी'. यांनी फोटोकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. मग हळूच खिडकीवर बोट. खिडकी. फोटो जागेवर! मग पंखा, टीव्ही, दार. मग तसबीर. तिथं मी नुसता शब्द न भरता पूर्ण त्रिसरण म्हटलं होतं, ते शेवटपर्यंत ऐकलं. डावा हात उजव्या लुळ्या हातावर आणून ठेवला होता, जोडल्यासारखा.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कांदा चिरायचाच होता.

२७ डिसेंबर, शनिवार

आज बोटानं सांगितलेलं: पाणी चारदा, खिडकी, टीव्ही, पलंग.

पलंगाचं कळलं नाही. दुपारी भाजी निवडता निवडता माझा जरा डोळा लागला होता, जाग आली ती टॅबच्या आवाजानं. पलंग. पलंग. पलंग. झोप आली वाटतं म्हणून धरून उठवलं, पलंगावर नेऊन निजवलं. माझं मनगट असं कळवळलं की काही विचारू नये. तर हे चिडले! आडवे व्हायलाच तयार नाहीत. ओढून पुन्हा खुर्चीत बसवावं लागलं. मग उठवलं कशाला मला?

३० डिसेंबर, मंगळवार

आज हसले. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा.

छोट्या पानांवर संकल्पनं 'मागे' असं बटण ठेवलं होतं. पूर्वी ठीक होतं, आता ती पानं उघडतात पट्टीत. यांनी 'मागे' दाबलं तर अख्खं घराचं पान त्या पट्टीत उघडलं. मोठ्या बैठकीखाली छोटी बैठक. त्या छोटीतल्या माठावर बोट, तिच्याही खालच्या पट्टीत पाणी. पुन्हा 'मागे'. आणखी छोटी बैठक! घराच्या पोटात घर, त्याच्या पोटात घर. भुसावळला माझ्या क्लासमधल्या पोरांची हमखास होणारी चूक, बाहेर पडणाऱ्या दुव्याला 'सगळ्यात वरच्या खिडकीत उघड' म्हणून सांगायचं विसरायचे. हे पाचव्या घरापर्यंत गेले आणि खांदे हलायला लागले. आधी मी घाबरले, पुन्हा झटका की काय. तर हसत होते.

बटण बाकी सगळीकडून काढून टाकलं. टीव्हीच्या पानावर तेवढं ठेवलं. करमणूक म्हणून असू दे.

३ जानेवारी, शनिवार

पलंगाचा काहीतरी घोळ आहे. रोज दोन-तीनदा पलंग, आणि निजवायला गेलं की राग. नक्की शेजारच्या खुर्चीवर बोट ठेवायचं असणार. चौकोन फोटोच्या ठरलेल्या मापावर आखलेले असतात. टॅब आडवा-उभा झाला, फोटो लहान-मोठा झाला की चौकोन मागेच राहतात आणि खुर्चीवर ठेवलेलं बोट पलंगावर पडतं. फोटोचं माप पक्कं केलं, पलंगाचा चौकोन आकसून घेतला. या कामात सकाळ गेली. वेणी घालायची राहिली ती कालपासून राहिलीच आहे.

शेजारच्या मीणा भाभी आल्या होत्या, म्हणाल्या, "भाभीजी, आप तो आधी रह गईं." मी म्हटलं थंडीनं आक्रसले.

संध्याकाळी पुन्हा पलंग. अगदी मधोमध बोट.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. यांना उन्हात अंगणात बसवलं. वर नुसते पतंग, गच्च्यागच्च्यांवर भोंगे आणि "वो काटा!" म्हणून गिल्ला. हे मान वर करून बघत होते. मी तीळ निवडायला बसले आणि तशीच बसल्या बसल्या झोपले, इतक्या गोंगाटात! उठले तर अंगावर यांची शाल. मीणा भाभींनी टाकली असणार. आभार मानायला गेले तर त्या सकाळपासून कानोत्याला, भावाकडे. मग कोणी टाकली कोण जाणे.

टॅब यांच्या मांडीवर होता. पट्टीत पलंग.

२३ जानेवारी, शुक्रवार

संकल्प आला. आल्या आल्या मला बघून म्हणाला, "आई, ये क्या हाल बना रखा है?" मग जेवण झाल्यावर खरं काम काढलं. पुण्यात एक केंद्र आहे, झटका आलेल्यांना तिथं दहा आठवडे ठेवून घेतात, रोज चार तास बोलणं, हात, चालणं. एक फेब्रुवारीला जागा रिकामी होतेय. घरच्यांना तिथं राहता येत नाही. रविवारी दहा मिनिटं फोन. शेखावत मॅडमही जा म्हणतात, पहिले सहा महिने महत्त्वाचे.

मी म्हटलं, "आणि यांना रात्री तहान लागली तर? कुशीवर वळवायला कोण? तिथल्या कोणाला कळणार आहे का यांचं काही?"

"आपण बाबांनाच विचारू ना."

"विचार."

"बाबा, पुण्याला येता?"

"बरं."

मी विचारलं, "अहो, इथंच राहायचं ना माझ्याजवळ?"

"बरं."

संकल्पनं कपाळाला हात लावला. "बघ आता," मी म्हटलं. पण बघ काय? मलाही कळत नव्हतं. दोन माणसं त्यांच्याच बद्दल ठरवताहेत आणि ते मध्ये बसून दोघांनाही बरं म्हणताहेत. माझ्या आवाजानं त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. की संकल्पच्या? ते तरी कुठं सांगता येतंय त्यांना.

ठरवलंय, उद्या फोटोवर विचारायचं. बोटानं ते खोटं सांगत नाहीत.

२४ जानेवारी, शनिवार

हे पान कोणी वाचू नये.

सकाळी बसून नवं चित्र केलं. डावीकडे आमचं घर, उजवीकडे पुण्याच्या केंद्राची इमारत, दोन्ही एकाच मापाची. घरावर बोट ठेवलं की पट्टीत 'जयपूर', इमारतीवर ठेवलं की 'पुणे'. चित्र जागेवर, उत्तर खाली. सरळ काम. संकल्पनं बघितलं, म्हणाला, "मस्त झालंय, आई."

त्यानं दिसणारं बघितलं. न दिसणारे चौकोन मी आखलेत. जयपूरचा चौकोन पूर्ण घराला घातला, वर आभाळ, खाली रस्ता, सगळं धरून. आणि पुण्याचा फक्त इमारतीच्या दारापुरता, बोटाच्या पेराएवढा. हात थरथरतो त्यांचा. चुकून कुठंही पडला तर घरीच पडावा, म्हणून. पंचवीस वर्षांपूर्वी असं कोणी केलं असतं तर मी त्याला क्लासबाहेर काढलं असतं. तरी केलं.

अकरा वाजता टॅब मांडीवर ठेवला. संकल्पनं नीट समजावलं, इथं म्हणजे आई, इथं म्हणजे दहा आठवडे एकटं. यांनी खूप वेळ बघितलं. मग डावं बोट उजवीकडे नेलं आणि इमारतीच्या भिंतीवर ठेवलं. काहीच झालं नाही. होणार कसं, तिथं चौकोनच नव्हता!

मी पटकन म्हटलं, "नाही जमत त्यांना. दमले."

यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. बोट उचललं, खिडकीवर ठेवलं. काही नाही. वरच्या मजल्यावर. काही नाही. पाटीवर. काही नाही. एकेक वीट चाचपल्यासारखं बोट सरकत होतं, कपाळावर घाम आलेला. डावीकडे माझं ते एवढं मोठं घर मोकळं पडलं होतं. तिकडे गेलेच नाहीत. मी गप्प बसून बघत राहिले, एक शब्द बोलले असते तर संपलं असतं, पण बोलले नाही. शेवटी बोट दारावर आलं.

पट्टीत माझाच आवाज म्हणाला, पुणे.

"बरं," हे म्हणाले.

मला राग आला. खरं सांगते, अठ्ठावीस वर्षं संसार केला, तीन महिने उचलला-बसवला, मांडीवर डोकं घेऊन भरवलं, आणि माणूस दार शोधतो! मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

२५ जानेवारी, रविवार

संकल्पनं ही डायरी वाचली. शेखावत मॅडमना दाखवायची म्हणून मीच टेबलावर ठेवली होती, विसरलेच की यात काय काय आहे. कालचं पानही वाचलं असणार. त्याबद्दल काही बोलला नाही. बापावर गेलाय त्या बाबतीत.

नुसतं म्हणाला, "आई, सत्तावीस डिसेंबर वाच." वाचली. "आता चौदा जानेवारी." वाचली. "पलंग कधी दाबतात बाबा?"

"रोजच दाबतात."

"तू बसल्या बसल्या झोपतेस ना, तेव्हा."

 यांच्याकडे बघितलं. यांनी टॅब ओढून घेतला. माझ्या बैठकीचा फोटो, जागेवरच होता. पलंगावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट उचलून माझ्याकडे केलं.

महिनाभर मी चौकोन दुरुस्त करत होते.

त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले आणि मग सांगितलं, "अहो, काल मी लबाडी केली." डावा हात डोक्यावर आला. "बरं," म्हणाले. मग मी पलंगावर जाऊन आडवी झाले, दुपारी बारा वाजता, नवरा आणि पोरगा बघत असताना. संध्याकाळी पाचला उठले. संकल्पनं पोहे केले होते, मीठ विसरून.

१ फेब्रुवारी, रविवार

गेले. गाडीत चढवताना गार्डसाहेबांना जुने दोघे-तिघे ओळखीचे भेटले, "जयभीम भीमराव, बरे आहात?" "बरं." तेवढं एक उत्तर आज बरोबर बसलं.

घरात कोणाला काही विचारायचं नाही. माठ भरलाय, पितंय कोण?

८ फेब्रुवारी, रविवार

सोमवारपासून शाळेत जातेय. पोरांनी विचारलं, मॅम कहाँ थीं. मनगटाला पट्टा बांधलाय, वेणी घालते, झोपते. झोपते हे लिहायची लाज वाटते.

आज पहिला फोन. पडद्यावर चेहरा जरा भरल्यासारखा वाटला, दाढी कोणीतरी चांगली केलेली. मला राहवलं नाही. "अहो, करमत नाही मला. न्यायला येऊ का?"

"बरं."

मी लगेच माळ्यावरून बॅग काढली! संकल्पला कळवलं तर तो फोनवर ओरडला, "आई, बाबा सगळ्यालाच बरं म्हणतात, तुला माहितीये ना?" माहितीये. बॅग पुन्हा वर टाकली. आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज काय बोलले ते लिहिते. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आधी नेहमीचं. जेवलात? बरं. हात कसाय? बरं. मागे केंद्रातली बोलणं शिकवणारी मुलगी उभी होती, गालातल्या गालात हसत. मला कळेना हिला काय झालंय. दहा मिनिटं संपत आली, मी पुन्हा तेच विचारलं, आता सवयीनंच. "मग, येऊ का न्यायला?"

यांनी तोंड उघडलं, मिटलं. मान खाली घातली. ओठ एकत्र आणले, सोडले, जणू सामान उचलताहेत. मला वाटलं फोन अडकला. मग मान वर केली, माझ्याकडे थेट बघितलं.

"नाही."

मी म्हटलं, "काय? काय म्हणालात?"

"नाही," हे म्हणाले, "नाही, इंदू."

आणि फोन संपला. दहा मिनिटं म्हणजे दहाच मिनिटं.

मी तशीच धावत मीणा भाभींच्या दारात. पायात चप्पल नाही, डोळ्यांतून धार. "भाभी, मैंने पूछा लेने आऊँ क्या, तो इन्होंने मना कर दिया! साफ मना कर दिया!"

त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "रोइए मत भाभीजी. आदमी हैं, गुस्सा उतर जाएगा, मान जाएँगे."

मला हसू आवरेना आणि सांगताही येईना. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि आलं घालून चहा टाकला.